गंधाराखालची रेघ

अण्णाचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेत वराच्या आजोबांच्या नावामागे 'कै.' टाकत होतो. आजोबा मागच्याच उन्हाळ्यात गेलेले, आणि पत्रिकेत मात्र आशीर्वाद द्यायला टुणटुणीत उभे. म्हणून गिऱ्हाईक माझ्यापुढं बसून तणतणत होतं. मी फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं माऊस चालवत राहिलो. अण्णा एवढंच म्हणाला, "ये बाबा. झालं." मी 'कै.' टाकलं, गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि शटर ओढून घरी निघालो. वाटेत लक्षात आलं, संध्याकाळी आणखी एक मजकूर मलाच जुळवायचा आहे आणि त्यात 'कै.' चालणार नाही. आम्हा लिंगायतांत 'लिं.' लिहितात. लिंगैक्य. लिं. सौ. महानंदा... गल्लीतल्या किती नावांमागे ते अक्षर मी आजवर लावलं असेल, पण वहिनींच्या नावामागे लावताना हात चालेना.

महानंदा म्हणजे अण्णाची बायको, माझी वहिनी. साखर पेठेत आमचं घर. खाली ती दोघं, वर आम्ही. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर संगीत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत पेटी शिकवत राहिल्या. माझ्या दुकानाच्या त्या बिनपगारी प्रूफरीडरही होत्या. मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी छापायला टाकत नसे. चष्मा नाकावर ओढून वाचायच्या आणि म्हणायच्या, "भावजी, एवढ्या लोकांची लग्नं जमवून देता, तुमचं ऱ्हस्व-दीर्घाशी कधी जमणार ओ?" मी म्हणायचो, तुम्ही आहात तोवर मला जमवायची गरज काय? असं आपण किती सहज बोलून जातो.

गल्लीत मात्र त्या ओळखल्या जायच्या त्या पाळण्यासाठी. कुणाकडेही बारसं असलं की वहिनींना बोलावणं असायचंच. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं. तिथून त्यांच्या आईचा एक पाळणा त्यांच्यासोबत आला होता. सुरुवातीची कडवी कन्नडमध्ये, पुढची मराठीत, कारण ऐकणाऱ्या बायका दोन्हीकडच्या असायच्या. आमच्या गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातही तो पाठ होता. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, तेवढा वेळ वहिनी गाणं थांबवायच्या. हसणं ओसरलं की शेवटची ओळ घ्यायच्या. ती ओळ खाली उतरायची, कोमल गंधारावर जराशी टेकायची आणि मग षड्जावर यायची. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या जागी आतापर्यंत हसणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या, एवढं मी दरवेळी दारातून बघितलंय.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शिकवणीतल्या मुलींनीच पहिल्यांदा ओळखलं. सारेगम म्हणताना 'रे' त्यांच्या जिभेला चिकटायला लागला होता. आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, मग मोठ्या डॉक्टरांकडे, मग पुण्याला. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, की मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचायचा थांबतो, आधी जीभ, मग गिळणं, मग हात, असं करत करत सगळं थांबतं. बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते. अण्णानं विचारलं, "उपाय?" डॉक्टर चांगले होते, सरळ 'नाही' म्हणाले. येताना टेंभुर्णीजवळ गाडीत वहिनी म्हणाल्या, "बुद्धी कशाला शाबूत ठेवतात म्हणे?"

त्याच सुमारास अश्विनीचा, त्यांच्या मुलीचा, पुण्याहून फोन आला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी सोलापूरलाच होणार. घरात आनंद करायचा की काय करायचं कुणालाच कळेना. वहिनींचं मात्र पक्कं ठरलं. पाळणा लिहून ठेवायचा, सुरांसकट. अश्विनीला गळा नाही, हे त्या स्वतःच सांगायच्या. पण लहानपणी त्यांनी तिला पेटीवर स्वरलिपी वाचायला शिकवली होती. समोर कागद असला तर ती बोटांनी वाजवू शकते. मी म्हटलं, वहिनी, मोबाईलवर गाऊन ठेवा की. त्यांनी मान हलवली. जुन्या बारशांचे व्हिडिओ होते, पण त्यांत बायकांच्या गलक्याखाली त्यांचा आवाज बुडालेला. आणि आताचा आवाज त्यांना नको होता. "बाळाला असली आजी ऐकवायची न्हाय," म्हणाल्या. 'न्हाय' मुद्दाम म्हणाल्या, हसवायला. मी हसलो नाही.

मग संगीत लिहायचं सॉफ्टवेअर शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कॉम्प्युटरवाला मीच. दुकानात पत्रिका छापायला माणूस आला की मी आधी त्याची गरज विचारतो. पत्रिका किती, बजेट काय, देव कुठला. तसंच वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, पाच रेघांचं इंग्रजी नको, आपलं सारेगम दिसायला हवं. खाली शब्द नीट यावेत. लिहिलेलं वाजवून दाखवावं, म्हणजे चूक कळते. आणि मध्ये थांबता यावं, आत्याचं नाव सांगून होईस्तोवर. एवढ्या चार गोष्टी. मला वाटलं, एवढं तर कुठंही मिळेल.

पहिलं उतरवलं ते फुकटातलं, जगभर वापरतात म्हणून कुणीतरी सुचवलेलं. त्यात सगळं होतं. अख्ख्या वाद्यवृंदाची सोय होती, फक्त सारेगम नव्हतं. शब्द देवनागरीत टाकले तर 'जो'चा काना-मात्रा सुटून पुढच्या सुराखाली जाऊन बसे. आयुष्यभर फुटक्या फॉन्टशी झुंजण्यात गेलेला मी माणूस, मलाही ते आवरेना. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या दुकानातलंच दिसतंय की हे." दुसरं पैसे भरून घेतलं. त्यात माइकसमोर गायचं आणि ते आपोआप लिहून घ्यायचं. आम्ही दोघं केवढ्या आशेनं बसलो. त्यांनी सा लावला आणि पडद्यावर सुरांची नुसती रांगोळी उमटली. भिंतीपलीकडे इंदिराक्कांचा माग चालतो, टॉवेल विणतात. सॉफ्टवेअरनं आधी तो लिहून काढला होता, खटक-खटक, मात्रा न चुकवता. वहिनी इतक्या हसल्या की ठसका लागला. इंदिराक्का धावत आल्या. कारण कळल्यावर म्हणाल्या, "मग माग बंद ठेवते की ओ दुपारभर. टॉवेलाला काय हुतंय."

माग बंद झाला. गल्लीत इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. वहिनी गायल्या. सॉफ्टवेअरनं इमानदारीत लिहून घेतलं. एकेका सुराचे पाच-पाच तुकडे, मध्ये नको तिथं पोकळ्या, रे कुठेच धड नाही... मी म्हटलं, हे सॉफ्टवेअर भंगार आहे, काढून टाकतो. त्या जड जिभेनं सावकाश म्हणाल्या, "भंगार नाही भावजी. बरोबर लिहितंय ते." मी उठून चहा सांगायला आत गेलो.

तिसरं एका मराठी माणसानं केलेलं होतं. साधंसुधं, पडदा जुन्या पाठ्यपुस्तकासारखा, पण त्यात आपलं सारेगम होतं. एका कळीवर एक स्वर. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, आणि कोमल स्वर हवा असेल तर शिफ्ट दाबून ती कळ दाबायची, की स्वराखाली आडवी रेघ यायची. पेटीसारख्या आवाजात ते वाजवूनही दाखवायचं. थांबायचं मात्र त्याला कळत नव्हतं. एकदा सुरू झालं की आत्याबित्या कुणासाठी खोळंबायचं नाही. वहिनी म्हणाल्या, असू दे, थांबायचं अश्विनीला कळेल. निवड झाली एकदाची. त्यांनी पहिलं कडवं टाइप केलं, मी ते कागदावर छापून दाखवलं, त्यांनी त्यातही एक चूक काढली. तो दिवस चांगला गेला.

पण निवड होईस्तोवर गरजच बदलली होती. चार गोष्टी मागणाऱ्या वहिनींना आता एकच हवी होती, एका बोटानं चालावं. उजवा हात मांडीवरून उठेना, डाव्याचं एक बोट तेवढं ऐकायचं. मी पुन्हा शोधाशोध केली. माऊसनं चालणारं एक सापडलं, ते त्यांना जमेपर्यंत माऊस धरवेना. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रं असतात म्हणे, त्यांची चौकशी केली. ती इंग्रजी अक्षरं लिहायची, कोमल गंधार त्यांच्या बापाला ठाऊक नव्हता. मी काहीतरी निवडून आणायचो आणि आजार त्याच्या एक पाऊल पुढं गेलेला असायचा. शेवटी पुन्हा त्या तिसऱ्यावरच आलो. शिफ्ट एकदा दाबून सोडलं तरी पुढच्या कळीला लागू पडेल अशी सोय कॉम्प्युटरात असते, ती चालू करून दिली. दोन कळा एकदम दाबायला नकोत, एका बोटानं आधी ही, मग ती. शिफ्ट नेमकं सापडावं म्हणून वहिनींनी खुणेनं अण्णाला जवळ बोलावलं आणि कपाळाकडे डोळे फिरवले. अण्णाला कळेना. मग कळलं. त्यानं त्यांच्या कपाळावरची मरून रंगाची टिकली काढली आणि शिफ्टच्या कळीवर चिकटवली. त्या दिवशी त्यांच्या कपाळावर नुसती विभूती होती, आणि अण्णा कितीतरी वेळ तिकडे बघत होता.

अशी, दिवसाला एखादी ओळ, कडवी होत गेली. कोमल स्वराखालची प्रत्येक रेघ जागच्या जागी. शेवटची ओळ राहिली होती. अण्णा त्या दिवशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेला होता, मी दुकानात. परत आलो तर वहिनी खुर्चीत, बोट कळीवर आकसलेलं, डोळे लखलखीत. पडद्यावर शेवटची ओळ पूर्ण झालेली. मी ओरडलोच, "वहिनी, झालं की!" इंदिराक्कांना हाक मारली, साखर वाटली. त्यानंतर ते बोटही उठलं नाही.

अश्विनी सातवा सरून माहेरी आली. बारशाला वाटायला म्हणून मी पाळण्याचं छानसं कार्ड लावायला घेतलं. मजकूर उचलताना सवयीनं एकदा वाजवून बघितला आणि शेवटच्या ओळीत खटकलं. तिथल्या गंधाराखाली रेघ नव्हती. आधीच्या सगळ्या कडव्यांत आहे, त्या ओळीत नाही. एकदा नाही, गंधार जितक्यांदा आला तितक्यांदा नाही. तो शुद्ध वाजत होता. ओळ खाली टेकण्याऐवजी मान वर करून बघितल्यासारखी वाटत होती. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती म्हणाली, "काका, बाईंनी मुद्दाम केलं असेल. पिलूसारख्या रागात दोन्ही गंधार लागतातच की." मग जराशानं म्हणाली, "किंवा शिफ्ट लागलं नसेल..."

मी खाली गेलो, त्यांच्यापुढं बसलो. तोवर आमची बोलण्याची रीत ठरली होती. हो असेल तर त्या पापण्या मिटायच्या. कागद समोर धरून विचारलं, "वहिनी, शेवटचा ग कोमल हवा ना? रेघ राहिली ना?" त्या बघत राहिल्या. "की शुद्धच हवाय?" आणि त्या हसायला लागल्या. हसतच राहिल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण त्या हसण्यावर जायचं नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. या आजारात हसू-रडू आपल्या मनानं येतं, माणसाच्या मनाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच हसू. दुसऱ्या दिवशी विचारलं, पापण्या मिटल्या. उलटा प्रश्न विचारला, तरी मिटल्या. दमल्या होत्या. ज्या बाईनं माझी इतकी प्रुफं तपासली, तिच्या एका रेघेचं प्रूफ मला तपासून मिळेना. अण्णाला विचारलं तर तो म्हणाला, "मला नको रे विचारू. ती पेटीवर बसली की मी चहा ठेवायचो. माझं संगीत एवढंच." मग अन्नाच्या नळ्या, ऑक्सिजन, ही सगळी गडबड सुरू झाली आणि गंधार मागे पडला. आणि मग तो फोन.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. वहिनी गेल्या आणि काही आठवड्यांत अश्विनीला मुलगी झाली, तेव्हा बारसं करायचं की नाही असा प्रश्नच आला नाही. प्रश्न माझ्यापुढं होता. कार्ड छापायला टाकायचं होतं. रेघ द्यायची की नाही? रेघ दिली आणि त्यांनी मुद्दाम काढलेली असली, तर शेवटच्या ताकदीनं त्यांनी जे बदललं ते मी पुसलं. नाही दिली आणि शिफ्ट दाबायला बोट पुरलं नसलं, तर त्यांचा आजार मी गाणं म्हणून छापला. दिवसभर ते कार्ड पडद्यावर ठेवून बसलो. आम्हा अक्षरजुळाऱ्यांचा एक जुना नियम आहे, मजकूर देणाऱ्याला विचारल्याशिवाय आपण त्यात हात घालायचा नाही. विचारायला कुणी नव्हतं. लिहिलं होतं तसं छापलं.

बारशाला पुढची खोली बायकांनी भरली. पाळण्याला झेंडूच्या माळा. वहिनी बसायच्या त्या जागी, पेटीपाशी, अश्विनी बसली. पेटीवर कार्ड उभं करून तिनं अडखळत वाजवायला घेतलं आणि गल्लीनं गायला. थांबायचं तिला कळलं, नणंद नाव सांगून, धपाटे खाऊन बाजूला होईपर्यंत ती थांबली. मग शेवटची ओळ आली. बायका सवयीनं खाली कोमलवर टेकल्या आणि पेटीतून शुद्ध गंधार वाजला. दोन्ही एकमेकांवर आपटले. गाणं थांबलं. इंदिराक्का हळूच म्हणाल्या, "चुकलं गं पोरी. तुझी आई असं न्हाय म्हणायची."

अश्विनीनं कार्डाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आईनं असंच लिहिलंय, मावशी," ती म्हणाली. "तिनं स्वतः टाइप केलंय, काकांना विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात उभा होतो. त्या पोरीच्या तोंडाकडे बघून मला एकच शब्द काढता आला. "हो," म्हटलं. तिनं ओळ पुन्हा वाजवली. या वेळी बायका पेटीच्या मागोमाग गेल्या, शुद्ध गंधारावर, आधी चाचरत, मग मोकळ्या गळ्यानं. कुणी डोळ्यांना पदर लावला नाही. अण्णानं लावला, उपरण्याचा. जाताना इंदिराक्का माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "शेवटाला लई गोड केलं बगा तुमच्या वहिनीनं. आदी तितं रडू यायचं." परवा त्यांच्याच नात्यातल्या एका बारशाला मी भिंतीआडून पाळणा ऐकला. आता आमच्या गल्लीत तो असाच गातात.

वहिनींचा की-बोर्ड मी दुकानात आणला आहे. त्यावरच पत्रिका जुळवतो. कळांवरची अक्षरं पुसट झालीत, शिफ्टवरची टिकली मात्र घट्ट आहे. एखादं जोडाक्षर घ्यायला डावी करंगळी तिकडे जाते, टिकली लागते आणि हात तिथंच थांबतो. गिऱ्हाईक नसलं की मी ती फाईल उघडतो. शेवटच्या ओळीवर जातो, टिकली दाबतो, मग ग. खाली रेघ येते. वाजवून ऐकतो. मग रेघ काढून टाकतो आणि पुन्हा ऐकतो. दोन्ही वेळा मला वहिनीच ऐकू येतात. मग तोंडातून नकळत जातं, "वहिनी, यातलं कुठलं ओ?"... आणि इथे दुकानात भिंतीपलीकडे माग पण नाही, इतकं शांत असतं की उत्तर आलं असतं तर ऐकू आलं असतं.